बाकावरचा बदली

'ह्याला अजून एक चान्स द्यायचा काय रे?'

हा प्रश्न मी दोन ठिकाणी ऐकलाय. एकदा गोदीत, मुकादमाच्या तोंडून. आणि मोबाइलवर तर कितीदा, अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर बोलणाऱ्या कोट-टायवाल्यांच्या तोंडून. दोन्हीकडं ज्याच्याबद्दल विचारत होते तो माणूस समोरच बसलेला. आणि त्याला कुणीच काही विचारत नव्हतं.

मित्रहो, मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत कंत्राटावर, रात्री वहीवर. तुम्ही म्हणाल, हा गडी बास्केटबॉलवर काय लिहितोय? इकडं माणसं जाळतायत, गटारात गुदमरून मरतायत, आणि ह्याला चेंडू सुचतोय. तर ऐका. माझगावच्या बाजूनं गोदीबाहेर पडलं की नागपाडा चालत गाठता येतो. नागपाड्यात बास्केटबॉल आहे, हे क्रिकेटनं पोट भरलेल्या पेपरवाल्यांना क्वचित आठवतं. तिथल्या गल्ल्यांतली गरीब पोरं पिढ्यान्‌पिढ्या त्या रिंगणात घाम गाळतायत. पाळी सुटल्यावर जाळीला लटकून मी तो खेळ बघायला शिकलो. आणि बघता बघता कळलं की हा खेळ मला ओळखीचा आहे. त्यात मुकादम आहे, हजेरी आहे, टोळी आहे आणि बदली आहे.

मैदानावर पाच जण, बाकीचे बाकावर. अमेरिकेतल्या एन.बी.ए.मध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात पक्क्या जागा १५. म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे माणसं. त्यांतले निम्म्याहून जास्त बाकावरचे. सामना ४८ मिनिटांचा. बाकाच्या टोकाला बसलेल्याला त्यातली कधी चार मिळतात, कधी एकही नाही. आणि ती चारसुद्धा कधी? सामन्याचा निकाल लागून गेल्यावर. वीस गुणांनी जिंकतोय किंवा वीस गुणांनी हरतोय, लोक उठून घरी निघालेत, तेव्हा ह्याला म्हणायचं, जा बाबा. तिकडं त्या वेळेला सरळ कचऱ्याचा वेळ म्हणतात. कचरा म्हटलं की आपल्याला ओळख पटते.

त्यात आणखी दहा दिवसांचा करार असतो. दहा दिवस ये, खेळ, जमलं तर आणखी दहा दिवस. त्यानंतर तोच संघ तिसऱ्यांदा दहा दिवस देऊ शकत नाही. उरलेल्या हंगामासाठी ठेवून घ्यायचं, नाहीतर घरी पाठवायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. वाटलं, आमच्या कंत्राटदाराचा साडू तिकडं कारकुनीला लागलाय काय! फरक पैशांचा आहे, हे मला ठाऊक आहे. त्याच्या दहा दिवसांत माझी काही वर्षं निघतील. पण भीती तीच. उद्या हजेरीत नाव असेल की नसेल.

आता एका बदलीची गोष्ट सांगतो. जेरेमी लिन.

आईबाप तैवानहून अमेरिकेत गेलेले. पोरगा १९८८ सालचा, कॅलिफोर्नियात वाढलेला. २००६ साली त्याच्या शाळेनं राज्याचं अजिंक्यपद मारलं आणि हा त्या संघाचा म्होरक्या. तरी एकाही मोठ्या विद्यापीठानं खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. मग हार्वर्डला गेला. हार्वर्ड खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. चार वर्षं तिथं खेळला. २०१० च्या निवडीत ६० नावं पुकारली गेली, त्यात ह्याचं नव्हतं. मग ओकलंडला खेळणाऱ्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनं घेतलं. तेच ओकलंड, जिथं १९६६ साली ब्लॅक पँथर जन्माला आली आणि जिच्यावरून १९७२ साली इथल्या आपल्या पोरांनी नाव घेतलं. पहिल्या हंगामात लिनला २९ सामने मिळाले, सामन्याला सरासरी दहासुद्धा मिनिटं नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी सोडलं. ह्यूस्टन रॉकेट्सनं उचललं आणि त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांनीही सोडलं. तीन दिवसांनी न्यूयॉर्क निक्सनं घेतलं, कारण त्यांचा एक माणूस जखमी होता. म्हणजे बदलीचाही बदली!

न्यूयॉर्कमध्ये ह्याला घर नव्हतं. भावाच्या घरी कोचावर झोपायचा. करार कच्चा. १० फेब्रुवारी २०१२ पर्यंत काढलं नाही तर पक्का होणार, म्हणजे त्याआधी काढणार हे उघड. पहिल्या २३ सामन्यांत मिळून त्याला ५५ मिनिटं मिळाली होती. ५५ मिनिटं! आमच्याकडं एवढ्यात एक ट्रक पुरा खाली होत नाही.

निक्स हरत होते. माणसं जखमी, मुख्य खेळाडू थकलेले. ४ फेब्रुवारीला न्यू जर्सीविरुद्ध प्रशिक्षक माइक डँटोनीनं शेवटचा उपाय म्हणून ह्याला उठवलं. प्रेमापोटी नव्हे, नाइलाजानं. ह्यानं २५ गुण केले, सात वेळा दुसऱ्याला गुण काढून दिले, आणि सामना जिंकला. मग युटाविरुद्ध २८. वॉशिंग्टनविरुद्ध २३. आणि १० तारखेला, म्हणजे ज्या दिवशी करार पक्का व्हायचा त्याच दिवशी, कोबी ब्रायंटच्या लेकर्ससमोर ३८. चार दिवसांनी टोरोंटोत शेवटचा सेकंदही उरला नसताना लांबून टाकलेला चेंडू आणि जीत. सलग सात सामने जिंकले. आख्खं न्यूयॉर्क त्याच्या नावानं ओरडत होतं.

मी तेव्हा शाळेत होतो, हे सगळं पुढं मोबाइलवर बघितलं. बघताना अंगावर काटा आला, आणि लगेच डोक्यात सणक गेली. कारण तो माणूस एका रात्रीत काही शिकला नव्हता. ३ फेब्रुवारीला तो जो होता तोच ४ फेब्रुवारीला होता. बदललं एवढंच की त्याला बाकावरून उठवलं.

मग आधी का दिसला नाही? इथं खरी गोम आहे. ह्यूस्टनचा कारभारी डॅरिल मोरी आकड्यांवर माणूस तोलणारा म्हणून नावाजलेला. त्यानं नंतर उघड कबूल केलं की लिनला सोडणं चूक होती. पुढं त्यानं आणखी एक कबुली दिली. खेळाडूचं पहिलं पाऊल किती वेगानं पडतं हे त्यांनी यंत्रावर मोजलं, तेव्हा लिन सगळ्यांत चपळ निघणाऱ्यांपैकी एक होता. पण नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्या प्रत्येकाला, मोरीला स्वतःलासुद्धा, तो अंगानं कमी वाटत होता. ह्याचं कारण त्याला एकच सापडलं: पोरगा आशियाई होता.

वाचा परत. यंत्र म्हणतंय वेगवान. डोळा म्हणतोय मंद. आणि नोकरी डोळ्याच्या हातात.

डोळ्याला जात असते, मित्रहो. डोळा जे शिकलाय तेच बघतो. गोऱ्याचा डोळा शिकला की पिवळा माणूस गणितात हुशार आणि पायानं अधू. आमच्याकडचा डोळा शिकला की हे पोरगं ओझं उचलेल, पण त्याला वही धरता यायची नाही. उलटं सिद्ध केलंत तरी डोळा म्हणतो, चुकून झालं असेल. लिन जिंकत होता तोवर देव. १७ तारखेला एक सामना हरला, त्याच्या हातून नऊ चेंडू गेले, आणि लगेच ई.एस.पी.एन.च्या मोबाइलच्या पानावर असा मथळा आला की त्यात चिनी माणसाला घालायची शिवी बसलेली. मथळा लिहिणाऱ्याला काढलं हे खरं. पण शिवी पहिल्याच पराभवाला बाहेर आली, म्हणजे सात विजय ती ओठामागं दबा धरून बसली होती.

लिन काही झोपडपट्टीतला नव्हे. घर शिकलेलं, पोरगा हार्वर्डचा. त्याच्या दुःखाला आपलं दुःख म्हणणं खोटं होईल आणि मी ते म्हणणार नाही. पण हार्वर्डचा शिक्का असूनही डोळा असं करतो, तर ज्याच्या कपाळावर दुसराच शिक्का आहे त्याचं काय होत असेल?

आता दुसरी बाजू घेऊ. २०१३ साली अँथनी बेनेट नावाचा कॅनडाचा पोरगा निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या हंगामात सामन्याला सरासरी चार-साडेचार गुणांच्या आसपास. चार हंगामांत चार संघ: क्लीव्हलँड, मिनेसोटा, टोरोंटो, ब्रुकलिन. बेनेट काळा, साध्या घरातला. त्याला चार दारं उघडली ह्याचं मला वाईट वाटत नाही, चांगलंच झालं. मला सांगायचंय ते क्रमांकाबद्दल. बॅरी स्टॉ आणि हा होआंग ह्या दोन अभ्यासकांनी १९९५ साली एक अभ्यास छापला. त्यांनी १९८० च्या दशकातले एन.बी.ए.चे खेळाडू घेतले आणि तपासलं की मैदानावरची मिनिटं कशावर ठरतात. खेळ किती चांगला, जखमा किती, जागा कुठली, हे सगळं वजा केलं तरी उरतंच. ज्याचं नाव निवडीत आधी पुकारलं गेलं त्याला जास्त मिनिटं मिळतात आणि तो संघात जास्त वर्षं टिकतो. का? कारण त्याच्यावर मालकाचा पैसा आणि मालकाची अक्कल लागलेली असते. तो पडला तर मालकाची अक्कल पडते. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा उभं करायचं.

म्हणजे निवडीचा क्रमांक हे आडनाव झालं! एकदा लागलं की जन्मभर दारं उघडतंय. आमच्याकडं तर निवडीची रात्रसुद्धा नाही. आईच्या पोटातच क्रमांक लागतो.

तिसरा माणूस क्रेग हॉजेस. शिकागो बुल्सचा बाकावरचा खेळाडू. लांबून नेम धरण्यात पट्टीचा. त्या नेमबाजीची एन.बी.ए.ची स्पर्धा त्यानं १९९०, १९९१, १९९२ अशी सलग तीनदा जिंकली. १९९१ ला बुल्स अजिंक्य झाले आणि त्यांना व्हाइट हाउसला बोलावलं. सगळे सुटाबुटात, आणि हा आफ्रिकन डशिकी घालून. हातात राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशला लिहिलेलं पत्र, काळ्या आणि गरीब लोकांच्या हालाबद्दल. १९९२ ला बुल्स परत जिंकले आणि हॉजेसला सोडलं. त्यानंतर एन.बी.ए.च्या एकाही संघानं त्याला घेतलं नाही. १९९३ च्या नेमबाजीत गेल्या वर्षीचा विजेता म्हणून उतरला, तेव्हा अंगात कुठल्याच संघाचा सदरा नव्हता, कारण त्याला संघच नव्हता. १९९६ ला त्यानं लीगवर खटला भरला, तो टिकला नाही.

कुणी म्हणेल, तो बत्तिशीचा होता, त्याचा खेळ उतरणीला लागला होता. असेल. उतरला होताच थोडा. पण उतरलेल्या किती जणांना आणखी एक हंगाम मिळतो ते मोजा. ज्या कामासाठी बाकावरचा माणूस ठेवतात, त्या कामात हा तीन वर्षं पहिला होता. नेम चुकला नव्हता. तोंड उघडलं होतं. त्या लीगमध्ये मैदानावर बहुसंख्य काळे आणि मालकाच्या खुर्चीत बहुसंख्य गोरे. बाकावरच्यानं बाकावर बसावं, पत्र लिहू नये, हा न लिहिलेला करार.

तर तीन माणसं बघितली. एकाला पहिली संधीच मिळत नव्हती. एकाला क्रमांकामुळं चार मिळाल्या. एकाची बोलल्यामुळं संपली. आणि तिघांच्याही नावापुढं लोक एकच प्रश्न लावतात: ह्याची लायकी आहे का?

मी म्हणतो, प्रश्नच चोर आहे. 'अजून एक' म्हणताना पहिली दिली होती असं धरून चालतात. दिली होती का? २३ सामन्यांत ५५ मिनिटं ही संधी? निकाल लागल्यावरची चार मिनिटं, अंग थंड, मनात धाकधूक, एक चेंडू चुकला की बाहेर, ही संधी? ही तर पाण्यात न उतरू देता घेतलेली पोहण्याची परीक्षा झाली.

ह्याचा अर्थ कुणालाही कितीही वेळा खेळवा असा नाही. भीक मागत नाही मी. जागा साडेचारशेच आहेत, आणि एकाला मिनिटं दिली की दुसऱ्याची जातात. ज्याला खरी मिनिटं मिळाली, शिकवायला माणूस मिळाला, ज्याची मोजणी उघड झाली आणि तरी जमलं नाही, त्याला सोडायला माझी हरकत नाही. मात्र तोंडावर सांगून सोडा. लिनचंच घ्या. पुढं त्याला पक्के करार मिळाले, बरीच वर्षं खेळला. २०१७ मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. २०१९ ला टोरोंटो अजिंक्य झालं तेव्हा हा संघात होता, पण अंतिम मालिकेत त्याला मिनिटभरसुद्धा मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात तैवानमध्ये लोकांसमोर बोलताना त्याला रडू फुटलं. तेव्हा त्याला कुणी घेतलं नाही ह्याला मी अन्याय म्हणणार नाही. दुखापती खऱ्या होत्या, खेळ उतरला होता. पण २०२१ ला तो तिशी उलटून खालच्या लीगमध्ये परत आला, सामन्याला वीसाच्या आसपास गुण केले, मैदानावर त्याला 'कोरोनाव्हायरस' म्हणून हिणवलं गेलं, तरी त्यानं म्हणणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. महामारीत संघांना माणसं कमी पडत होती. त्याला दहा दिवस द्यायला काय जात होतं? तिथं मात्र द्यायला हवे होते. नाही दिले. तो तैवानला गेला, तिथं अजिंक्यपदं जिंकली आणि २०२५ मध्ये खेळातून मोकळा झाला. जो संपला म्हणत होते तो जिंकून घरी गेला.

आता गोदीतलं सांगतो. ते सांगायचं म्हणून तर एवढं लिहिलं.

आमच्या टोळीत जालन्याकडचा एक पोरगा बदलीवर यायचा. वीसेक वर्षांचा. कुणी आजारी पडलं की ह्याला बोलवायचं. आठवड्यात कधी एक पाळी, कधी दोन. दर वेळी वेगळं काम. आज पोती, उद्या लोखंड, परवा नुसतं झाडायचं. दोर कसा लावायचा, क्रेनवाल्याला हाताची खूण कशी करायची, हे त्याला कुणी सलग दाखवलं नाही. मी पण नाही. पाचव्या पाळीला जहाजाच्या पोटात त्याला दोर लावायला उभं केलं. त्याला जमेना. घाबरून दोनदा चुकीचा लावला. क्रेन वीस मिनिटं उभी. वरून शिव्या. सुट्टी झाली तेव्हा मुकादम आमच्यासमोर आला आणि म्हणाला, 'ह्याला अजून एक चान्स द्यायचा काय रे?'

पोरगा पाण्याच्या पिंपाशेजारी बसलेला. ऐकत होता.

मी गप्प बसलो.

रात्री कविता लिहिणारा मी. सभेत मूठ वळून घोषणा देणारा मी. गप्प बसलो. कारण तो गेला तर त्याच्या पाळ्या मला मिळणार होत्या. मिळाल्या पण. त्या महिन्यात मी खोलीचं थकलेलं भाडं चुकतं केलं. पोरगा दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. त्याचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं. पण त्याच्या गळ्यातला निळा दोरा मी बघितला होता.

हे मी माफीसाठी लिहीत नाही. माफी द्यायला तो इथं नाही. हे लिहितोय कारण व्यवस्था फक्त मालकाच्या खुर्चीत बसत नाही. ती बाकावर आमच्या दोघांच्या मधोमध बसते आणि मला कोपरानं ढोसते: तो उठला तर तुझी जागा होईल.

आणि आपल्या चळवळीत काय चालतं? नवं पोरगं पहिल्यांदा माइकपुढं उभं राहतं, ततपप होतं, मधेच विसरतं. पुढच्या सभेला त्याचं नाव कापलेलं. आणि नेत्याचा पुतण्या दहा वेळा ततपप करून अकराव्यांदा अध्यक्ष! पोरींना सुरुवातीचं गाणं म्हणायला उभं करायचं आणि भाषणं सुरू झाली की सतरंज्या उचलायला. मग म्हणायचं, बाया पुढं येत नाहीत. अरे, मिनिटं किती दिली? कचऱ्याचा वेळ देऊन माणूस तोलायचा, हे गोऱ्या मालकाचं माप आपण कधी उचललं?

माझं म्हणणं सरळ आहे. 'अजून एक' म्हणायच्या आधी पहिली मोजा. द्यायची तर खरी मिनिटं द्या, निकाल लागायच्या आधीची. शिकवा आणि मग तोला. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, डोळा बाटलेला आहे. आकडा सगळ्यांसमोर मांडा, नातेवाइकालाही तोच आणि परक्यालाही तोच. आणि सोडायचं झालं तर पिंपाशेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बोलू नका. त्याच्याशी बोला.

गेल्या आठवड्यापासून टोळीत नवा बदली येतोय. बुलढाण्याचा. काल त्याच्या हातून दोर निसटला. मुकादम सुट्टीत आमच्याकडं यायला लागला तेव्हाच मला कळलं काय विचारणार ते. ह्या वेळी मीच आधी बोललो.

'पहिला कवा दिलता?'

मुकादम बघतच राहिला. उद्यापासून माझी हजेरी लागेल की नाही ठाऊक नाही. पण आज पाळी सुटल्यावर पोरगं आणि मी तासभर धक्क्यावर बसलो होतो. दोर लावत.